काय विचारावे हेच ठाऊक नसते तेव्हा

घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात शिकायला आलेल्या मुलीला मदत करणारे कोणी नसते, असे म्हणता येणार नाही. कार्यालयात लिपिक असतात, वर्गशिक्षक असतात, सूचनाफलक असतो, आणि 'काही अडचण असेल तर विचारा' असे सगळेच मनापासून सांगतात. परंतु विचारण्यासाठी आधी मनात प्रश्न तयार व्हावा लागतो, आणि तो तयार होण्यापुरती माहितीही जिच्या घरात कोणाजवळ नसते, ती मुलगी खिडकीसमोर उभी राहून काहीच न विचारता परत जाते. छत्रपती संभाजीनगरच्या एका महाविद्यालयात आम्ही काही विद्यार्थिनी २०२४ पासून पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी जे काम करीत आहोत, त्याची सारी उभारणी या एका गोष्टीवर आहे. तिने विचारण्याची वाट पाहायची नाही. तिला काय लागणार आहे हे तिच्या एक वर्ष पुढे असलेल्या मुलीने आधीच जाऊन सांगायचे.

मी स्वतः बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यातली. आईवडील दरवर्षी टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. कधी सांगली-कोल्हापूरकडे, कधी त्याच्याही पुढे कर्नाटकात. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. २०२३ साली मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला, त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती आणि ऑक्टोबरअखेर शासनाने राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत धारूरही होते. दुष्काळी तालुक्यांतील विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी मिळते, हे मला वसतिगृहातील तिसऱ्या वर्षाच्या एका ताईने सांगितले. तिचे गाव आमच्या शेजारच्याच तालुक्यात होते आणि आधीच्या एका दुष्काळात तिच्या भावाने तसा अर्ज केला होता. तिने सांगितले नसते तर मी तो अर्ज केला नसता, कारण अशी काही सवलत असू शकते ही कल्पनाच मला नव्हती. सूचना फलकावर लागलेली होती, पण तिच्यावर शासन निर्णयाचा क्रमांक, दिनांक आणि विषय असे सारे सरकारी भाषेत होते आणि ती माझ्यासाठी आहे हे मला त्यातून कळले नव्हते.

त्या ताईचे शिक्षण पूर्ण होऊन ती गावी परतली, तेव्हा तिच्याजवळची सगळी माहितीही तिच्याबरोबर निघून जाणार हे आमच्या लक्षात आले. आम्ही दुसऱ्या वर्षात गेलो त्या जूनमध्ये वसतिगृहाच्या अभ्यासिकेत बसून एका रजिस्टरमध्ये आमच्या पहिल्या वर्षात कोणत्या महिन्यात काय अडले ते लिहून काढले. वार्षिक वेळापत्रकात प्रवेश, परीक्षा, निकाल एवढेच असते. आमच्या रजिस्टरात मात्र बँकेचे पासबुक कधी लागले, ओळखपत्र नसल्यामुळे ग्रंथालयातून कोण परत आले, कोणत्या महिन्यात मेसचे पैसे थकले, जर्नलवर सही घ्यायची राहिल्यामुळे प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी कोणाची धावपळ झाली, असे सगळे महिन्यावार आले. ते वाचून आम्हाला पहिल्यांदा बरे वाटले, कारण जे प्रत्येकीला स्वतःचे अज्ञान वाटत होते ते जवळजवळ सर्वांच्याच बाबतीत त्याच महिन्यात घडले होते.

त्यानंतर प्रत्येकीने नव्या आलेल्या चारपाच मुलींची जबाबदारी घेतली आणि ती त्यांची 'ताई' झाली. शक्य तिथे तालुका जवळचा पाहिला, विषय सारखा पाहिला. एक वर्षच पुढची मुलगी का, असे आमच्या एका प्राध्यापिकांनी विचारले होते, आणि त्या प्रश्नाचा मी बराच विचार केला आहे. शिक्षकांना विषय कितीतरी जास्त येतो, पण पहिल्या महिन्यात नेमके काय समजत नाही हे त्यांच्या अनुभवातून कधीच पुसले गेलेले असते. शिवाय त्यांच्यासमोर अडाणी दिसण्याची भीती वाटते. महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी प्रत्येक शिक्षकाकडे विद्यार्थ्यांची यादी दिलेली असते, तिच्यावर सह्याही होतात, पण एका शिक्षकाकडे इतकी नावे असतात की इच्छा असूनही त्यांना सगळ्यांशी बोलता येत नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुली स्पर्धा परीक्षेच्या किंवा एम.एस्सी.च्या तयारीत असतात. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला मात्र सगळे ताजे आठवत असते आणि अजून एक वर्ष ती इथेच असणार, ही खात्रीही असते.

सर्वांत जास्त वेळ कागदपत्रांत जातो, आणि तो तसाच गेला पाहिजे असे माझे मत आहे. शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही तर मुलगी नापास होऊन शिक्षण सोडत नाही, ती मेसचे पैसे नाहीत म्हणून सोडते. आमच्या भागातील मुलींची अडचण तर फार विशिष्ट आहे. महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज भरायचा तर उत्पन्नाचा दाखला लागतो. त्यासाठी तलाठ्याचा अहवाल, वडिलांचा फोटो, त्यांची सही लागते. आणि एक वर्षासाठी काढलेला दाखला ३१ मार्चला संपतो, त्यामुळे मागच्या वर्षीचा चालत नाही. दसरा झाला की टोळ्या निघू लागतात. एकदा आईवडील फडावर गेले की मार्च-एप्रिलपर्यंत गावात सही करायला कोणी नसते. म्हणून आम्ही पहिल्याच भेटीत, जुलै-ऑगस्टमध्ये, कागदपत्रांबद्दल फक्त एवढेच सांगतो: या सुट्टीत घरी गेलीस की उत्पन्नाचा दाखला काढ, नॉन-क्रिमिलेयर लागत असेल तर त्याचाही अर्ज टाक, रहिवासी दाखला आहे का पाहा, आणि हे सगळे दसऱ्याच्या आत. शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ तेव्हा कधी कधी सुरूही झालेले नसते. कार्यालयातील सूचना संकेतस्थळ सुरू झाल्यावर लागते, आणि त्याला उशीर झाला की तोवर आमच्याकडच्या निम्म्या मुलींचे वडील गावात नसतात.

ओटीपीचेही तसेच आहे. शाळेत असताना काढलेल्या आधार कार्डाला बहुतेक मुलींच्या वडिलांचा मोबाईल क्रमांक जोडलेला असतो. मुलगी संभाजीनगरात नेट कॅफेत बसलेली आणि ओटीपी सांगलीकडच्या उसाच्या फडात, खिशातल्या साध्या फोनवर. वडिलांना इंग्रजी आकडे वाचता येतात, पण ऊस तोडताना फोन कोपीवर, म्हणजे राहत्या झोपडीत, ठेवलेला असतो आणि दहा मिनिटांत तो आकडा निरुपयोगी होतो. आधारला स्वतःचा क्रमांक जोडून घेणे हे म्हणूनच आमच्या यादीत अगदी वर आहे. त्याच्या खाली बँक खाते. खाते उघडताना आधारची झेरॉक्स दिली म्हणजे शिष्यवृत्ती त्याच खात्यात येईल असे सगळ्यांना वाटते, पण ती आधारशी शेवटी ज्या बँकेची जोडणी झाली असेल तिथे जाते. आमच्या एका मैत्रिणीने सिमकार्ड घेताना दुकानदाराच्या सांगण्यावरून मोबाईलवर एक खाते उघडले होते आणि ते ती विसरूनही गेली होती. तिची रक्कम त्या खात्यात जमा होऊन पडली आणि ती मात्र पासबुक भरून घेण्यासाठी दुसऱ्याच बँकेच्या चकरा मारीत राहिली. आता आम्ही प्रत्येकीला आधारच्या संकेतस्थळावर आपली जोडणी कोणत्या बँकेशी आहे ते स्वतः पाहायला लावतो. अर्ज महाविद्यालयाकडून परत आला असेल तर तो दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा असतो, हेही सांगावे लागते, कारण 'परत पाठवला' हे शब्द दिसले की पुष्कळ मुली अर्ज नामंजूर झाला असे समजून गप्प बसतात.

ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांकरिता स्वाधार योजना आहे, आणि इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी अलीकडे आधार योजना आली आहे. दोन्हींत राहण्या-जेवण्याचा खर्च थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ही रक्कम वर्षाला साठ हजारांपर्यंत आहे, आमच्या शहरात त्याहून कमी. ही रक्कम वडिलांनी टोळीच्या मुकादमाकडून घेतलेल्या उचलीशी, म्हणजे हंगामाआधी मिळणाऱ्या आगाऊ रकमेशी, ताडून पाहिली म्हणजे तिचे मोल कळते.

कागदपत्रांनंतर प्रयोगशाळा. आमच्यातील बहुतेकींनी बारावी विज्ञान अशा कनिष्ठ महाविद्यालयातून केलेले असते जिथे प्रात्यक्षिकाची वही पूर्ण होते, पण प्रयोग हाताने केलेले नसतात. पहिल्या वर्षी रसायनशास्त्राच्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला समोर ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली मोजमापाची काचेची नळी, आली, तेव्हा शेजारच्या मुलींचे हात ज्या सहजतेने चालत होते ते पाहून मी मागे सरकून उभी राहिले होते. तशी मागे सरकणारी मुलगी ओळखायला आम्ही आता शिकलो आहोत. प्रयोगशाळेतील परिचर काकांची परवानगी घेऊन शनिवारी दुपारी आम्ही ब्युरेटमध्ये नुसते पाणी भरून सराव करून घेतो. डावा हात ब्युरेटच्या मागून वळवून तोटी अंगठा आणि दोन बोटांत धरायची, उजव्या हाताने शंकुपात्र सतत फिरवत राहायचे, आणि डोळे ब्युरेटवर न ठेवता पात्रातल्या रंगावर ठेवायचे. पाण्याचा सराव झाला की मग सोडियम हायड्रॉक्साईड आणि रंग बदलून क्रिया पूर्ण झाल्याचे दाखवणारे फिनॉल्फ्थॅलीन. गेल्या वर्षी परळीकडची एक मुलगी प्रत्येक वेळी गडद गुलाबी रंग येईपर्यंत थेंब सोडत होती, कारण पुस्तकात 'गुलाबी' एवढेच लिहिलेले होते आणि गडद झाल्यावाचून तिला ते खरे वाटत नव्हते. तिच्या पात्राखाली पांढरा कागद ठेवून तिच्या ताईने तिला सांगितले, "जेमतेम दिसेल इतका रंग आला आणि फिरवूनही गेला नाही, की थांब. त्याच्या पुढचा थेंब चुकीचा." मग तिने स्वतः तोटी बंद केली, द्रवाच्या वक्र पातळीच्या तळाशी डोळा आणून आकडा वाचला, पुन्हा केले, आणि सलग तीन वेळा तोच आकडा आला. कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग कशाला म्हणतात हे तिला त्या दुपारी कळले. पुढच्या प्रात्यक्षिकाला ती पुढे उभी होती.

इंग्रजीबद्दल बाहेरून फार बोलले जाते, त्यामानाने आम्हाला त्यावर सोपा मार्ग सापडला. संज्ञा इंग्रजीतच ठेवायच्या, स्पष्टीकरण आधी मराठीत एकमेकींना द्यायचे, आणि तेच दुसऱ्या दिवशी इंग्रजीत लिहायचे. तोंडी परीक्षेच्या आधी रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर आम्ही परीक्षक होऊन प्रश्न विचारतो. उत्तर येत नसेल तर 'सर, आठवत नाही' असे इंग्रजीत नीट म्हणण्याचाही सराव होतो, कारण गप्प राहिले की परीक्षकाला काहीच कळत नाही.

एका बाबतीत मात्र आमचा अनुभव कामी आला नाही. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आणि आमच्या धाकट्या मुलींपुढे मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या विद्याशाखेतला विषय) असे पर्याय आणि सत्राला वीस-बावीस क्रेडिटचा हिशेब आला. आम्ही जुन्या पद्धतीच्या. विज्ञानाच्या मुलीने दुसऱ्या विद्याशाखेतला विषय का घ्यायचा, आणि घेतलेला मायनर पुढे बदलता येतो का, हे आम्हालाही नव्याने समजून घ्यावे लागले. आम्ही विभागप्रमुखांना विनंती केली आणि त्यांनी धाकट्या मुलींसह आम्हाला सर्वांना एकत्र बसवून परिपत्रक ओळ-ओळ वाचून दाखवले. त्या बैठकीचे टिपण रजिस्टरात मराठीत उतरवले आहे आणि त्या वर्षीच्या मुलींनीच पुढे त्यात भर घातली. बरोबरीच्यांनी एकमेकींना आधार द्यायचा म्हणजे शिक्षकांना बाजूला ठेवायचे असे नाही. कोणता प्रश्न घेऊन कोणाकडे जायचे हे ठरवणे, हाच त्यातला मोठा भाग आहे.

हा प्रश्न या शहराला नवा नाही. निजामी राजवटीत मराठवाड्यातील मुलांना पुढच्या शिक्षणासाठी हैदराबादला जावे लागे. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे महाविद्यालय सुरू केले, जे आज मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते, आणि विद्यापीठ आले ते १९५८ साली. तिकडे राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करून वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहतील, एकत्र जेवतील असे पाहिले. या थोर माणसांना एक गोष्ट नेमकी कळली होती असे मला वाटते: खेड्यातल्या मुलाला नुसता वर्गात प्रवेश देऊन भागत नाही, त्याच्याबरोबर राहणारी, त्याच्यासारखीच मुले लागतात. आज शासकीय वसतिगृहांतील जागा अपुऱ्या पडतात आणि मुले खोल्या करून कॉट बेसिसवर शहरभर विखुरली जातात, तेव्हा ती सोबत आपोआप मिळत नाही. ती ठरवून उभी करावी लागते.

सर्वांत अवघड काम घरच्यांशी बोलण्याचे. दिवाळीच्या सुट्टीत मुलीसाठी स्थळ येते. ऊसतोडीत नवराबायकोचा मिळून एक कोयता धरला जातो आणि उचलही कोयत्यावर मिळते, त्यामुळे आमच्याकडे लग्नाची घाई होण्यामागे गरिबीचा सरळ हिशेब असतो. त्याला नावे ठेवून काही होत नाही. गेल्या वर्षी एका मुलीचे वडील फोनवर मला म्हणाले, "पोरी, तुमचं समदं खरं हाय, पण शिकून तरी शेवटी चूलच ना?" मी त्यांना उपदेश केला नाही. "काका, माझे आईबाबा पण आत्ता फडावरच आहेत," एवढे सांगून मी तिचे पहिल्या सत्राचे गुण, शिष्यवृत्तीची आलेली रक्कम आणि पदवीला अजून किती खर्च घरून लागेल ते आकड्यांत सांगितले. तो खर्च फारच थोडा होता. ते बराच वेळ बोलले, मग तिच्या आईने फोन घेतला आणि वसतिगृहाचे दार रात्री किती वाजता बंद होते ते विचारले. त्या मुलीचे लग्न पदवीपर्यंत थांबले. त्याच वर्षी दुसऱ्या एकीचे मात्र झाले आणि ती परत आली नाही. आम्ही तिच्याशी बोलत असतो, आणि मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची माहिती तिला पाठवली आहे.

या कामाला सीमा हवी, हे आम्ही सुरुवातीपासून पाळले. एक मुलगी आठवडाभर वर्गात आली नाही, जेवतही नव्हती, आणि रात्री मैत्रिणीला जे बोलली ते ऐकून तिच्या ताईने एकटीने समजूत घालण्याचा प्रयत्न केला नाही. तिने त्याच रात्री अधीक्षिका मॅडमना सांगितले, १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे शासनाच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर, जिथे मराठीतही बोलता येते, फोन लावून दिला, आणि सकाळी आम्ही दोघीजणी तिच्याबरोबर घाटी रुग्णालयात मानसोपचार विभागाच्या ओपीडीत गेलो. ती बरी झाली ती औषधोपचाराने आणि डॉक्टरांमुळे. तिथवर सोबत जाणे हे आमचे काम होते. एकीने सांगितलेले दुसरीला सांगायचे नाही हा नियम कडक आहे, पण जिवाला धोका असेल तिथे तो लागू नाही, हेही पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलेले असते.

पैशांच्या बाबतीतही नियम आहे: आपसांत उसने देण्याचे काम गटाच्या वतीने करायचे नाही. ताईने पैसे दिले की धाकटीला तिच्याशी मोकळेपणाने बोलता येत नाही, ती तोंड चुकवू लागते. त्याऐवजी 'कमवा आणि शिका' योजनेत नाव घालायला आम्ही बरोबर जातो, आणि शिष्यवृत्ती येईपर्यंत थांबण्याची विनंती मेसच्या काकूंना सगळ्यांनी मिळून करतो. काकूंनी आजवर ती कधी मोडली नाही.

या वर्षी मी तिसऱ्या वर्षाला आहे आणि रजिस्टर आता दुसऱ्या वर्षाच्या मुलींकडे आहे. त्यांनी त्यात नव्या पद्धतीच्या सत्रांप्रमाणे नवे भाग पाडले आहेत. मुलांच्या वसतिगृहात असा गट अजून उभा राहिलेला नाही. कागदपत्रांपुरते मुले आमच्याकडे येतात, पण अभ्यासात अडते किंवा घरची ओढाताण होते तेव्हा ती बोलत नाहीत, आणि एटीकेटी लागल्यावर कोणालाही न सांगता गावी निघून जाणाऱ्यांत त्यांचेच प्रमाण आम्हाला जास्त दिसते. दुसऱ्या वर्षातील दोन मुलांशी आमचे बोलणे झाले आहे. त्यांना रजिस्टरची झेरॉक्स दिली आहे, आणि येत्या जूनमध्ये प्रवेश सुरू होण्याआधी त्यांच्या अभ्यासिकेत बसून त्यांनी त्यांचे स्वतःचे रजिस्टर लिहावे असे ठरले आहे.